सारजाबाईंची गुंगी

सुदर्शनने मंचरच्या मेडिकल दुकानाचा काऊंटर सोडला, तेव्हा असा सोडला की जणू गडच जिंकून खाली उतरलाय!

खोडदचा हा पोरगा बी.फार्म. झालेला. बी.फार्म. झालं की काय काय होता येतं, हे तो भेटेल त्याला बोटांवर मोजून सांगायचा. औषध बनवणारा, तपासणारा, विकणारा, सरकारदरबारी त्याची कागदपत्रं नेणारा! त्यातलं बरंचसं त्याने करूनही पाहिलं होतं. औषध कारखान्यात डोक्याला टोपी, तोंडाला फडकं लावून बारा तास उभा राहिला, चौथ्या दिवशी पायांनी राजीनामा दिला. मग बॅग घेऊन डॉक्टरांना भेटणारा एमआर झाला. आळेफाट्याला एका डॉक्टरच्या दारात तीन तास बसला, आणि आत बोलावल्यावर पाठ केलेलं सगळं विसरून स्वतःचाच खोकला दाखवून आला! शेवटी मंचरच्या दुकानात गोळ्या द्यायला लागला.

पण तिथेच घोडं अडलं. हर्षालीशी लग्न ठरत होतं आणि तिचे वडील कुशाबा, मंचर मार्केटातले कांद्याचे आडतदार, यांचा एकच हेका होता. "पोरगं झ्याक हाय. पन दुकानात गोळ्या देनारा जावई नगं. कंपनीत पायजे!"

आणि काय सांगता, लागला की कंपनीत! पुण्यात, औषध सुरक्षा विभागात. आपल्या कंपनीच्या औषधाने जगात कुणालाही काही त्रास झाला, तर त्याची नोंद करायची, असं ते काम. पहिल्याच दिवशी त्याची वरिष्ठ इफरा मॅडम, मूळची जुन्नरची, तिने बजावलं, "लग्नात असा नाहीतर दहाव्याला असा. आपल्या औषधाची तक्रार कानावर आली की चोवीस तासांत कळवायचं. सहा महिने तुमची नोकरी कच्ची आहे, लक्षात ठेवा."

"मॅडम, बघाच तुम्ही!" सुदर्शन म्हणाला.

पंधरवड्याने रविवारी तो सासुरवाडीला गेला. साखरपुडा तीन आठवड्यांवर आलेला. कुशाबांनी स्वतः चहा आणला. सारजाबाई, म्हणजे होणारी सासू, दिसेनात.

"मामी कुठंयत?"

"झोपल्यात," कुशाबा वैतागून म्हणाले. "पंधरा दिस झाले, नुसती झोप! परवा भजनात टाळ हातात धरून घोरली. काल वांगी चिरता चिरता इळीवर पेंगली, पोरीनं वढली म्हनून बोटं वाचली!"

सारजाबाई डोळे चोळत बाहेर आल्या. "त्या नव्या गोळीनं असं व्हतंय बगा. जळजळीवर तुमी दिलेली की! रोज उपाशीपोटी घेतीया."

सुदर्शनच्या अंगावर काटा आला. आनंदाने! ती ॲसिडिटीची गोळी याच्याच नव्या कंपनीची होती. आणि त्या गोळीने झोप येते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणजे हा साधासुधा त्रास नव्हे, हा शोध होता!

"जळजळ थांबली का, मामी?"

"जळजळ कळायला मान्सानं जागं तर पायजे ना!"

त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर फॉर्म उघडला. वय विचारलं, तर सारजाबाईंनी नवऱ्याकडे बघत पाच वर्षं कमी सांगितली. वजन विचारलं, तर कुशाबा म्हणाले, "कांद्याच्या काट्यावर घेऊ का?" सारजाबाई ताडकन उठून आत गेल्या. पण गडी हटला नाही. दाराआडून विचारून विचारून त्याने फॉर्म भरला, फक्त गोळीचं पाकीट तेवढं बघितलं नाही. गोळी स्वतःच्याच हाताने दिली होती, बघायचं काय त्यात?

सोमवारी ऑफिसात त्याचं कौतुक झालं. नवखा असून केवढी सावध नजर! साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. सुदर्शनने ते कौतुक जेवणाच्या सुट्टीआधी खोडदला, चहाआधी मंचरला पोचवलं. इफरा मॅडमने मात्र मान हलवली. "पाकिटावरचा बॅच नंबर कुठंय? मला पेशंटशी फोनवर बोलावं लागेल."

"रविवारी बोला मॅडम. मी तिथंच असतो."

झालं! रविवारी ओसरीवर हीऽ गर्दी. कंपनीतून सारजाबाईंना फोन येणार म्हणून कुशाबांनी अर्धी आळी बोलावली होती. सुदर्शनने मोबाइल पाटावर ठेवला आणि आवाज मोठा केला. सगळ्यांना ऐकू जायला नको?

"नमस्कार काकू," इफरा मॅडम म्हणाली. "गोळीचं पाकीट जवळ आहे का? त्यावरचं नाव वाचाल?"

"मला इंग्रजी येत न्हाई. हर्षे, वाच गं!"

हर्षाली झेडपीच्या शाळेत शिक्षिका. ती वाचायला लागली की शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू जातं. तिने नाव वाचलं, कंपनी वाचली, बॅच नंबर वाचला. आणि सुदर्शनच्या पायाखालची जमीन सरकली.

नाव ॲसिडिटीच्या गोळीचं नव्हतं. सर्दीच्या गोळीचं होतं. जी घेतली की कुणालाही झोप येते, ती! दोन्ही पाकिटं सारखीच चंदेरी, दुकानात एकाच खणात शेजारी शेजारी.

"ही तर आपल्या कंपनीची गोळीच नाही," मॅडम म्हणाली. "काकू, ही गोळी आता बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला ही दिली कुणी?"

सुदर्शनने आवाज कमी करायला हात पुढे केला, तर घाबरून तो आणखीच वाढवला.

"आमच्या जावयानं!" सारजाबाई अभिमानाने म्हणाल्या.

"देताना त्यांचं लक्ष कुठं होतं? फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं, म्हणून विचारते."

"फोनवर व्हते की! दुकानातला शेवटचा दिस व्हता त्यांचा. कुनाला तरी सांगत व्हते, 'काऊंटर सुटला राव! आता साऱ्या जगाच्या चुका मी पकडनार!'"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खी आळी हसली. फोनच्या पलीकडून मात्र टकटक ऐकू आली, मॅडम सगळं टिपून घेत होती.

सुदर्शनला वाटलं, पाटासकट कांद्याच्या वखारीत लपावं. "मामी," तो कसाबसा म्हणाला, "एवढी झोप येत होती, तर गोळी बंद का नाही केलीत?"

"आता गं बाई!" सारजाबाईंना प्रश्नच कळेना. "जावयाच्या हातची गोळी, टाकायची कशी? तुमाला वाईट वाटलं असतं."

आळीचं हसणं त्याने सोसलं असतं. हे सोसवेना. त्याची मान जी खाली गेली, ती वर येईना. तीन आठवडे ही बाई त्याच्या मानासाठी पेंगली होती. विळीवर बोटं गेली असती तरी दुसऱ्या दिवशी उरलेल्या बोटांनी तिने गोळी घेतलीच असती!

सोमवारी इफरा मॅडमने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "दुरुस्ती तुम्हीच करा." सुदर्शनने घाम पुसत लिहिलं. औषधाचा दोष नाही. गोळी चुकीची दिली. देणाऱ्याचं नाव या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा पेन तीनदा अडलं. मग त्याने मंचरच्या दुकानात फोन करून ती दोन पाकिटं वेगवेगळ्या खणांत ठेवायला सांगितली. खरं लिहिलं म्हणून नोकरी राहिली. पण हल्ली कंपनीत नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी 'मंचरची सासू' हेच उदाहरण शिकवतात. नाव सांगत नाहीत, सगळे नुसते त्याच्याकडे बघतात.

आणि सोयरीक? कुशाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चूक केली, पन लपवली न्हाई. तारीख ठरल्यापरमानं."

साखरपुड्याला सुदर्शन वाकून सारजाबाईंच्या पाया पडला. "मामी, चुकलो," म्हणाला आणि हातावर पेढा ठेवला.

सारजाबाईंनी डोळे टिपले. मग तो पेढा पुढून बघितला, मागून बघितला आणि हर्षालीच्या हातात दिला.

"वाच गं आधी."