बिनचुन्याचं पान

पेणच्या आमच्या रामवाडीत भांडण पेटलं की कोणी पोलिसांचं नाव काढतं, कोणी नगरसेवकाचं. दत्ताराम म्हात्रे जिनिव्हाचं काढतात. आधी सगळ्यांचं ऐकून घेतात, चष्मा नाकावर नीट बसवतात आणि अगदी थंडपणे म्हणतात, "मना काय नाय बोलायचा. मी जिनिव्हाला कलवतो."

नवा माणूस असेल तर त्याला वाटतं, जिनिव्हा ही काकांची मुलगी असावी.

जिनिव्हा हे परदेशातलं शहर. जगात कुठे कोणाला त्याच्या धर्मावरून छळलं तर तिथे तक्रार करता येते, आणि ती ऐकायला सगळ्या देशांनी मिळून रापोर्टर नावाचा एक साहेब नेमलेला आहे, हे काकांनी रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर कुठल्याशा पेपरात वाचलं. त्या दिवसापासून त्यांनी दुसरी नोकरी धरली. मी पोस्टात खिडकीवर बसते आणि राहते त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे या नोकरीतली कारकुनी माझ्याकडे आली. पत्र काकांचं, मराठीत. पाकिटावर इंग्रजी पत्ता माझा. पाकीट बंद करण्याआधी मी शुद्धलेखन तपासायचं, अशी सक्ती.

"काका, तिथे मराठी कोण वाचणार?"

"दुभाषे असतात गो. नसले तर ठेवतील."

पत्राची सुरुवात "रा. रा. रापोर्टरसाहेब यांस स.न.वि.वि." अशी, आणि शेवट "लोभ आहेच, तो वाढावा". मधला मजकूर मात्र जळजळीत. अमक्या देशात प्रार्थनाघर जाळलं, तमक्या देशात बाईच्या डोक्यावरचं कापड ओढलं, आणखी कुठे धर्म बदलला म्हणून माणूस तुरुंगात घातला. कात्रण जोडायचं, खाली "कलम अठराचा भंग" असं लाल शाईने लिहायचं, आणि पत्र रजिस्टर करायचं. पोचपावतीसकट. पोचपावतीवर काकांचा भारी जीव. आलेल्या सगळ्या पावत्या त्यांनी एका फायलीत तारीखवार लावल्या आहेत आणि पाहुणा आला की चहाआधी फाईल येते.

मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं हे कलम अठरा, म्हणजे ज्याला जे मानायचं ते मानू द्या, हे घरातही लागू होतं. काकूंनी एका सोमवारी बोंबलाचं कालवण केलं नाही, तर हे म्हणाले, उपास न धरण्याचं स्वातंत्र्यही त्या कलमात येतं. काकू वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतंय ना? मग जिनिव्हालाच जेवा."

हायवेजवळच्या एका नव्या इमारतीत एका कुटुंबाला केवळ आडनाव बघून खोली नाकारली, तेव्हा काका फाईल काखेत मारून सेक्रेटरीच्या दारात उभे राहिले. तासभर कलम समजावलं. सेक्रेटरीने पाणी दिलं, पंखा लावला आणि खोली दिली नाही. त्याबद्दलही पत्र गेलं. आम्ही गल्लीवाले मनसोक्त हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते, कारण आमच्यातलं दुसरं कोणी त्या दारात गेलंसुद्धा नव्हतं.

काकांची आणखी एक खोड होती, तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. ते पान खातात, पण चुन्याशिवाय. कात, सुपारी, बडीशेप सगळं चालतं, चुना नाही. नाक्यावरचा पानवाला म्हणतो, "काका, हा नुसता पाला झाला. बकरीला घालतात तो." काका म्हणतात, "घाल." पूर्वी त्यांच्या खिशात चुन्याची पितळी डबी असायची. ती कुठे गेली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता याकूबकाकांबद्दल सांगायला हवं. हे रोह्याच्या पुलापलीकडचे, अष्टमी गावचे. कंपनीत वीस वर्षं काकांच्याच शिफ्टला. अक्षर असं मोत्यासारखं की शिफ्टचं रजिस्टर लिहायला साहेब त्यांनाच बोलवायचे. दर जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या गल्लीमागच्या शेतात पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा आणि अंडी, मधोमध मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, की मडकं उपडं घालून भोवती जाळ. मडक्याचे मालक म्हात्रेकाका. कोंबडी याकूबकाकांची, त्यांनी स्वतः कापलेली, घरचा मसाला लावून एस.टी.ने आणलेली. सगळी गल्ली बोटं चाटत खायची आणि कोंबडी कोणी कापली हे कोणाच्या डोक्यातही यायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी ते काही डोक्यांत आलं. गल्लीतले दोघंतिघं म्हणाले, यंदा कोंबडी आमची आम्ही कापू, त्याची आम्हाला चालणार नाही. भांडण होऊ नये म्हणून काकांनी तोडगा काढला. दोन मडकी लावू! ज्याला जे चालतं ते त्याने खावं. काकांना हे फार न्यायाचं वाटलं. फक्त जाळातून निघाल्यावर दोन्ही मडकी काळीच दिसणार, अदलाबदल व्हायची भीती. म्हणून त्यांनी खिशातली डबी काढली आणि बोटाने एका मडक्याला चुन्याची खूण केली.

दोन मडक्यांत खूण एकालाच पुरते. ती याकूबकाकांच्या मडक्याला लागली.

याकूबकाका आले, जाळाशी बसले. मडकी निघाली तेव्हा त्यांनी ती खूण पाहिली. मग काकांच्या बोटाकडे पाहिलं, त्याला अजून चुना होता. मीही तिथेच होते. याकूबकाकांनी एक अंडं घेतलं, सोललं, खाल्लं. "पोपटी झ्याक झाली हाय, दत्ता," म्हणाले आणि शेवटच्या गाडीला अजून वेळ असताना निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. त्यांच्या मागे जायला कोणी उठलं नाही. मी खूण नसलेल्या मडक्यातल्या शेंगा पानावर घेतल्या आणि खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, हे सुद्धा आठवतं.

मला वाटायचं काका ते विसरले. गेल्या महिन्यात जिनिव्हाहून पहिल्यांदा उत्तर आलं तोवर असंच वाटत होतं. काकांनी पेढे वाटले, पाकीट गल्लीभर फिरवलं, आणि मग मला वाचायला दिलं. आत छापील पत्र होतं. आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत. सोबत एक छापील प्रश्नावली. मी खिडकीतून एकेक प्रश्न मराठीत सांगत गेले, काका मान डोलवत गेले.

"ही घटना आपण स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे काय?" मी वाचलं. "पुढचा प्रश्न, त्या वेळी आपण काय केलंत?"

काकांची मान थांबली. मागे रांग लागली होती. "दे तो कागद," म्हणाले आणि गेले.

आठवडाभर ते फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले, पाकीट उघडंच माझ्यापुढे सरकवलं. नेहमीचंच पत्र, नेहमीचा नमुना. रापोर्टरसाहेबांस स.न.वि.वि. घटनेचं ठिकाण, रामवाडी. ज्यावर अन्याय झाला तो, माझा मित्र याकूब. ज्याने केला तो, अर्जदार स्वतः. कारण, याच्या नावाने मडक्याला चुना लावला, आणि तो उठून गेला तेव्हा थांबवला नाही. पुरावा, सदर बोट. खाली लाल शाईत कलम अठरा.

मला हसू यायला हवं होतं. डोळेच भरून आले.

"काका, हे जिनिव्हाला नाही जायचं. अष्टमीला जायचं."

"ठावं हाय मना," ते म्हणाले. "अकरा वर्सं त्योच पत्ता लिवायला बसतो. हात नाय चालत. जिनिव्हाला मातूर चालतो."

रापोर्टरसाहेबांचं नाव मी खोडलं. पाकिटावर अष्टमीचा पत्ता घातला. पहिल्यांदाच मराठीत. "पोचपावती?" मी विचारलं. काका आधी नको म्हणाले. दाराशी जाऊन परत आले आणि हवी म्हणाले.

ती पाचव्या दिवशी आली. सहीच्या जागी सही नव्हती. निळ्या शाईचा अंगठा होता.

काकांनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. "याकूबचा अंगठा?" म्हणाले. "त्याचा अक्षर बघितलास ना तू? त्यो कशाला अंगठा लावंल?" मी अष्टमीच्या पोस्टमनला फोन लावला. तो म्हणाला, म्हाताऱ्यांना दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली. तो दारात असतानाच सुनेने पत्र फोडून दोनदा वाचून दाखवलं. मग तिने सही करायला कार्ड घेतलं तर यांनी डाव्या हाताने ओढून घेतलं, आणि स्वतःच अंगठा उठवला.

काका त्या निळ्या खुणेकडे बघत राहिले. ही पावती त्यांनी फायलीत लावली नाही. शर्टाच्या खिशात घातली, जिथे पूर्वी डबी असायची, आणि रोह्याची एस.टी. किती वाजता आहे ते मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी आले. हातात काही पत्र नव्हतं.

"भेटले का? काय म्हणाले?"

"तोंड वाकडा झालाय गो त्याचा. मना बघून हसला. मंग येकच शबुद बोलला. 'मडका' बोलला का 'मेल्या' बोलला, समाजला नाय."

"मग परत विचारायचं ना."

"तीनदा इचारला. तीनदा त्योच बोलला." काकांनी खिडकीच्या कठड्यावर बोट टेकवलं, तेच बोट. "अकरा वर्सांआधी गेलो असतो, तर नीट आयकू आला असता."