दगड ढिम्म, फरशी लालबुंद

माणसाची सही कशी काढायची, हे अख्ख्या डोंबिवलीत फक्त मला विचारावं! सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेली. जामीन राहायला आलेला माणूस चहा पिऊन सटकायच्या बेतात असला, की मी नुसतं पेनाचं टोपण काढून त्याच्यासमोर धरायचो. बिशाद होती उठायची!

त्यामुळे बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटचं घोडं एका सहीवर अडलं, तेव्हा सेक्रेटरी सुदेश माझ्याचकडे आला.

"काका, एकच घर राहिलंय."

"कुठलं ते सांग! शनिवारपर्यंत सही तुझ्या हातात!"

"तुमचं."

फ्लॅट माझ्या बायकोच्या, चित्राच्या नावावर. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, घेतलेला. आणि चित्राचा एकच प्रश्न, "पाडणार म्हणता, मग फरशीचं काय?"

फरशी म्हणजे मोझॅकची हो, बिल्डिंगभर तीच! करड्या सिमेंटमध्ये पांढऱ्या-पिवळ्या दगडांचे बारके तुकडे. कुणीतरी उपमा सांडून त्यावर पॉलिश मारल्यासारखी! मी तिला आयुष्यभर 'जुनाट' म्हणत आलो. पण आमच्या घरासाठी अण्णांनी कारखान्यात जाऊन एकेक लादी निवडून आणलेली. खिडकीखाली मांडी घालून ते पेपर वाचायचे. ते गेल्यापासून रोज संध्याकाळी चित्रा तिथंच बसते. विचारलं तर म्हणते, "वारा बरा येतो." त्या खिडकीतून वारा कसला, खालच्या गिरणीतलं पीठ येतं!

पण माझ्याकडे प्लॅन होता. बिल्डरनं आम्हाला माजिवड्याला सॅम्पल फ्लॅट बघायला नेलेलं. तिथं भिंतीत एक दगड बसवलेला, वर अल्ट्राव्हायोलेटचा जांभळट दिवा, आणि दगड निखाऱ्यासारखा पेटलेला! सगळ्या बायका किचनमध्ये कपाटं उघडून बघतायत, आणि चित्रा त्या दगडासमोर खिळून उभी. मी लगेच ते जमेच्या बाजूला लिहून टाकलं. असाच दगड मागवायचा, घरात पेटवायचा आणि म्हणायचं, नव्या घरात हा रोज बघ!

ऑनलाइन दगड मागवला, तसल्याच जांभळट उजेडाचा टॉर्च मागवला. दुपारी खिडक्यांवर पडदे, पडद्यांवर चादरी!

"अहो, भरदुपारी पडदे? लोक काय म्हणतील?"

"या वयात? कौतुक करतील!"

टॉर्च मारला. दगड ढिम्म! उलटा केला, फडक्यानं पुसला, एक चापटसुद्धा मारली. वसुलीला गेल्यावर कर्जदार बसतो ना, तसा गप्प! त्या अंधारात झगमगत होतं ते फक्त माझं बनियन.

"छान आहे," चित्रा म्हणाली. "नव्या घरात भिंतीवर बनियनच टांगू."

मी वैतागून हात खाली टाकला. टॉर्च फरशीवर फिरला... आणि फरशी पेटली!

केशरी, लाल, मधेच पांढरा ठिपका! हॉलभर गुलमोहर सांडलेला! आणि खिडकीखाली तर सगळ्यात लख्ख. अण्णांच्या बसण्यानं तिथला तुकडा न् तुकडा घासून निघालेला. चित्रा खाली बसलीच. त्या जागेवर तळवा टेकून म्हणाली, "अण्णांना दाखवायला हवं होतं हो."

मी पालथा पडून बघायला लागलो. किती वेळ बघत होतो, माझं मलाच कळलं नाही. दार नुसतं लोटलेलं, आणि वरच्या रखमावहिनी विरजण मागायला आलेल्या.

"अगं बाई! माणकं!!"

झालं! विरजण राहिलं बाजूला. संध्याकाळपर्यंत माझा टॉर्च घराघरात फिरला, आणि एरवी गुडघे धरून जिना चढणारी माणसं फरशीवर रांगतायत! रखमावहिनींनी जुन्या फरशीवर चकचकीत टाइल्स बसवून घेतलेल्या. त्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन त्या उखडायलाच सुरुवात केली! रात्रीच्या आत सुदेश धापा टाकत हजर.

"काका! तुम्हाला एक सही आणायला सांगितलेली, तुम्ही होत्या त्या घालवल्यात! सगळे म्हणतायत, फरशीचा निकाल लागेपर्यंत सही मागे!"

दुसऱ्या दिवशी मार्केटातला एक खड्यांचा जाणकार आणला. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, लादी ठोकली आणि म्हणाला, "संगमरवराचा चुरा आहे. एखादा संगमरवर असा उजळतो, एखादा नाही. विकायला आणलात, तर टेम्पोचं भाडं तुम्हीच द्या."

बिल्डिंगवर सुतक पसरलं. मग सगळ्यांनी मुकाट परत सह्या दिल्या. रखमावहिनींनी तर सगळ्यांत आधी, कारण त्यांच्या हॉलमध्ये आता पाऊल टाकायला जागा नव्हती!

राहिली चित्रा. मी चाचरत विषय काढला. ती खिडकीखाली बसलेली.

"आणा कागद," ती म्हणाली.

"अगं, पण फरशी?"

"मला वाटायचं, ती मला एकटीलाच दिसते. तुम्ही बघितलीत ना काल, पालथं पडून? बस झालं मला."

तिनं सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि टिटवाळ्याच्या तात्पुरत्या भाड्याच्या घरासाठी भांडी बांधायला आत गेली. गुणगुणत!

मी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. पडदे ओढले. टॉर्च पेटवला आणि म्हटलं, जरा बसू खिडकीखाली. वारा बरा येत होता.

तेवढ्यात जिन्यातून सुदेशची हाक, "काका! कागद द्या, बिल्डरचा माणूस खाली उभाय! चित्राकाकूंचा फोन आला, त्यांची झाली. आता एकच राहिलीय!"

"कुणाची?"

"नवरा म्हणून तुमची संमती!"

"सुदेश," मी आतनं ओरडलो, "वर येऊ नकोस रे! फरशी पुसतोय. ओली आहे!"