शिडीवाल्याचा वाटा

साऱ्या गल्लीत शिडी एकच, आणि ती मास्तरांची! गणिताचे मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना घड्याळ दिलं, शिडी त्यांनी स्वतः घेतली. घड्याळ कधीच बंद पडलं, शिडीचा रुबाब मात्र वाढतच गेला.

मास्तरांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दोन दिवस तिला अंजिरांशिवाय काही गोड लागत नव्हतं. बाजारात अंजिरं नव्हती. होती ती शेजारच्या नर्सबाईंच्या झाडावर, तीही पार शेंड्याला.

"नर्सबाईंना नुसतं सांगा की! जीव आहे त्यांचा पोरीवर," बायको म्हणाली.

"मागू? मी?" मास्तरांनी शिडी खांद्यावर घेतली. "मागितलेली अंजिरं वेगळी, कमावलेली वेगळी. निम्मी टोपली आणतो की नाही बघ!"

शिडीचा एक पाय आखूड, त्यामुळे ती धरायला माणूस लागे. नर्सबाईंनी समोरच्या दुकानातल्या शिंपीदादांना हाक मारली. या शिंपीदादांना मास्तरांनी सहावीत दोनदा नापास केलं होतं. भागाकारात!

"आधी वाटणी," मास्तर म्हणाले. "शिडी नसली तर अंजिरं किती? शून्य! म्हणून निम्मी माझी. उरलेली तुम्ही दोघं घ्या."

"आणि झाड नसतं तर?" नर्सबाईंनी विचारलं.

"झाड उभंच असतं हो! त्याला कसले कष्ट?"

"आणि मी शिडी धरतोय त्याचं?" शिंपीदादा म्हणाले.

"धरायला काय, कुणीही धरेल!"

नर्सबाईंनी शिंपीदादांकडे पाहिलं, शिंपीदादांनी नर्सबाईंकडे. मास्तर तोवर तिसऱ्या पायरीवर होते, नाहीतर तिथेच सावध झाले असते.

वर त्यांनी झपाझप टोपली भरली आणि दोरीनं खाली सोडली. उरलेल्या चार अंजिरांसाठी ते शिडी सोडून फांदीवर सरकले. इथे गणित चुकलं!

"मास्तर, कुणीही धरेल म्हणालात ना?" खालून शिंपीदादांचा आवाज आला. "मग तो कुणीही येईपर्यंत मी जरा इस्त्री बघून येतो." आणि त्यांनी शिडी अलगद गवतावर आडवी केली.

"अरे! अरे, माझी शिडी!"

"शिडी खाली आहे, अंजिरं खाली आहेत," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "वर काय ते तुम्हीच. वाटणी नव्यानं करू या का?"

"ही अडवणूक आहे! बरं, तिघांत सारखी!"

त्याच फांदीवर लाल मुंग्या राहत होत्या. त्यांना वाटणीत कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्या आपला वाटा थेट मास्तरांकडून घेऊ लागल्या.

"चौथा हिस्सा द्या! आई गं! बरं, दहा द्या! पाच!" मास्तर फांदीवर नाचू लागले. "दोन! अहो, पोरीला डोहाळे लागलेत, तिच्यापुरती दोन तरी द्या हो!"

फाटकापर्यंत गेलेले शिंपीदादा धावतच परत आले. दुसऱ्या क्षणी शिडी झाडाला लागली आणि ती दोघांनी मिळून धरली.

"हे आधी नाही का सांगायचं?" नर्सबाई चिडल्याच.

मास्तर खाली उतरले. अंगाची आग होत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. "ठरलं ते ठरलं! आता दोनसुद्धा नकोत!" असं म्हणून त्यांनी शिडी उचलली आणि तोंड फिरवून निघाले. फाटकात शिडी तीनदा अडकली. पोरीला काय सांगायचं, या विचारानं त्यांचा पाय उचलत नव्हता.

घरी पोहोचले तर लेक पायरीवर बसलेली, मांडीवर भरलेली टोपली आणि तोंडात अंजीर!

"शिंपीदादांनी आत्ताच कुंपणावरून दिली. म्हणाले, यात एक वाटा त्यांचा आहे आणि एक नर्सबाईंचा." तिनं टोपली चाचपली. "बाबा, तुमचा वाटा कुठाय?"

"माझा?" मास्तर पाठ खाजवत म्हणाले. "मी शिडी आणली ना परत!"