दिव्याखालचा पाय

निवंगुणे अण्णांच्या तोंडून पहिला शब्द ‘नाही’ असाच निघतो. पुढचं वाक्य काहीही असो. चहा घेणार का विचारलं तर ‘नाही, घेऊ की.’ मुलगा येऊन गेला का विचारलं तर ‘नाही, तो कशाला येतोय.’ मार्केट यार्डात त्यांचा गुळाचा गाळा आणि माझा बारदानाचा म्हणजे पोत्यांचा, मध्ये एकच भिंत. त्यामुळे ही नकारघंटा मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. गिऱ्हाइकाने भाव कमी करायला सांगितला की मात्र त्यांचं ‘नाही’ एकटंच येतं, मागे वाक्य नसतं.

गुळाच्या व्यापाऱ्याला मधुमेह व्हावा ही देवाची चेष्टा पुरेशी नव्हती. अण्णा अजूनही नव्या ढेपेचा खडा जिभेवर ठेवून पारखतात आणि मग थुंकतात. म्हणजे थुंकतात असं ते सांगतात. मी त्यांचा कंठ हलताना पाहिला आहे.

उजव्या अंगठ्याखाली जखम झाली तेव्हा ती त्यांना कळलीच नाही. तळपायाची जाणीव केव्हाच गेली होती. आधी कळलं ते मुंग्यांना. गाळ्यातल्या मुंग्या एवढ्या ढेपा सोडून अण्णांच्या पायाकडे रांग लावून निघाल्या, म्हणून हमालाने मला हाक मारली. मी हसत हसत गेलो. पाय पाहिला आणि माझं हसू मावळलं.

डॉक्टरांनी साखरेची औषधं बदलली, ड्रेसिंग सुरू केलं आणि जोडीला दर मंगळवारी नि शुक्रवारी दिव्याचा उपचार सांगितला. जखमेवर तांबडा प्रकाश धरायचा, त्याने मांस भरून यायला मदत होते. मात्र त्यांनी स्पष्ट बजावलं की, दिवा म्हणजे जादू नव्हे, अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. अण्णा म्हणाले, ‘नाही, जन्मभर ट्यूबलाइटखाली बसलो, तिने काय उजेड पाडला?’ तरी माझ्या स्कूटरवर मागे बसले. इस्पितळात पायाला दिवा आणि डोळ्यांना गॉगल, अशा थाटात ते पडून राहायचे. महाबळेश्वरला गेल्यासारखं वाटतं म्हणायचे.

जखम खरंच आकसायला लागली होती. पण गाळ्यात परतले की अण्णा डॉक्टरांनी दिलेल्या मऊ चपला दाराबाहेर काढत, त्याही माझ्याच गाळ्यातल्या कोऱ्या पोत्यावर, मळू नयेत म्हणून. ढेपा मांडलेल्या जागेत चप्पल घालायची नाही, ही वडिलांपासूनची रीत. गूळ म्हणजे लक्ष्मी. मी चिडून विचारलं, तुमच्या लक्ष्मीला तुमचा पाय हवाय का? ते म्हणाले, ‘नाही, तिने मागितला तर देऊ.’ माणसाने किती हट्टी असावं याला काही सुमार असतो. मला संताप यायचा. पुढेपुढे नुसतीच भीती वाटायची.

दिव्याचं काम बघायची तबस्सुम नावाची मुलगी. पट्टी सोडताना ती अण्णांचा पाय मांडीवर घ्यायची. काय जेवलात, झोप लागली का, असं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. मग त्यांना डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवायची आणि विचारायची, जाणवलं का? अण्णा दर वेळी ‘हो’ म्हणायचे. नुसतं ‘हो’. मला वाटलं, चला, पाय जागा होतोय.

एके दिवशी तिने विचारलं, जाणवलं का, आणि अण्णा ‘हो’ म्हणाले. दोरा तेव्हा तिच्या हातात, पायापासून चांगला वीतभर लांब होता. तबस्सुमने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तिने अण्णांना काही न बोलता डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी चपलांवरून अण्णांना पुन्हा झाडलं.

बाहेर आल्यावर मी अण्णांवर भडकलो. असलं खोटं कशासाठी बोलता?

अण्णा म्हणाले, ‘अहो, ती पोर इतक्या मायेने विचारते. तिला नाही म्हणवत नाही.’

मी स्कूटर सुरू केली. बायको गेल्यापासून हा माणूस घरी एकटाच. मुलगा हिंजवडीत नोकरीला, राहायलाही तिकडेच. रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, आणि अण्णांनी काही सांगायच्या आत बरं म्हणून ठेवतो.

पुढच्या शुक्रवारी तबस्सुमने पायमोजा उतरवला तर त्याच पायाच्या टाचेत खिळा. गाळ्यातल्या फळीचा होता. मंगळवारनंतर केव्हा घुसला, किती वेळ तो घेऊन अण्णा हिंडले, कुणास ठाऊक. पाय सुजून काळानिळा पडला होता. त्याच इस्पितळात त्यांना दाखल केलं, सलाइनं झाली, महागडी इंजेक्शनं झाली. विष चढतच राहिलं.

डॉक्टर सांगायला आले तेव्हा मुलगा अजून वाटेत होता, म्हणून मीच जवळ बसलो. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर जीव वाचणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शक्य तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. अण्णा छताकडे बघत ऐकत होते. मी त्यांचा हात धरला होता, तो थंडगार पडला होता.

डॉक्टरांचं बोलून झाल्यावर अण्णांनी विचारलं, ‘म्हणजे मंगळवारी दिव्याला यायचं नाही का?’

डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला समजलेलंच नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले.