फक्त ‘आली’ आणि ‘गेली’

मिरजगावच्या खाजाभाईंनी मळ्यातल्या लाइटीसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तेव्हाच बजावलं होतं की इथं फक्त दोन शब्द लिहायचे, ‘आली’ आणि ‘गेली’. लाइट येताच मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचमुळे सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होऊन ट्रान्सफॉर्मरची डीपी जळायची, म्हणून सगळ्यांनी ऑटो काढले होते. ज्याला लाइट आधी दिसेल त्याने कळवायचं, बाकीच्यांनी मळा गाठायचा. सुप्रभात पाठवणाऱ्याला खाजाभाई तिथल्या तिथे काढून टाकत. भीमाने एकदा गाय विकायला टाकली, तर गाईसकट त्याला बाहेर काढलं. पुढे हातापाया पडून तो परत आला.

त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती आणि कांदा माना टाकत होता. दुपारी अजिनाथचा मेसेज आला : ‘आली’.

जेवती माणसं ताटावरून उठली. खाजाभाईंनी हातही न धुता गाडीला किक मारली. मळ्यात पोचून त्यांनी स्टार्टरचं बटण दाबलं, परत दाबलं. मोटर ढिम्म.

“खाजाभाई, तुमच्याकडं हाय का?” शेजारच्या रानातून भीमा ओरडला.

“न्हाई रं!”

खाजाभाईंनी अजिनाथला फोन लावला. “कुठं आली रं लाइट?”

“लाइट न्हाई चाचा, निकिता आली. माहेरावरनं. आत्ताच एसटीतनं उतरली.”

अजिनाथची बायको रुसून कर्जतला गेली होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

“मग ग्रुपवर कशाला टाकलं?”

“लई आनंद झाला हुता, चाचा. आन् दुसरं काय लिहिलं असतं तर तुमी काढलं असतं.”

तोवर निकिताला एसटीतून उतरताना पाहिलेल्यांनी ग्रुपवर अभिनंदन सुरू केलं होतं. कुणी पेढे मागितले. वहिनी गेल्या कशाला होत्या, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने कारण सांगितलं : अजिनाथ सारखा मोबाईलमध्ये. तिसऱ्याला ते कारण पटलं नाही. खाजाभाई लिंबाखाली बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘विषय सोडून बोलू नये.’ भीमाने विचारलं, ‘अभिनंदन विषय सोडून धरायचं का?’ खाजाभाईंनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्यावर चौघांनी चार मतं मांडली. दोघांना त्यांनी काढलं, तर ते दोघे फोन करून भांडायला लागले.

अंगठा दुखायला लागला तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. पलीकडे अजिनाथच्या वाफ्यांत पाणी चमकत होतं. साडीचा ओचा खोचून, हातात खोरं घेऊन निकिता पाण्याची दारं धरत होती.

“पोरी, लाइट कवा आली?”

“लई वेळ झाला, चाचा. आमचं भिजत आलं की.”

“आन् अजिनाथ?”

“घरी हाय. ग्रुपवर समद्यांना उत्तरं देतोय.”

खाजाभाई स्टार्टरकडे धावले. बटणावर बोट ठेवलं, आणि लाइट गेली.

घरी त्यांची बायको बद्रुन्निसा वाट पाहत होती. “भिजला का कांदा?”

“न्हाई.”

“का? लाइट न्हाई आली?”

“आली की. अजिनाथची निकिता पन आली.”

“निकिता आली? कवा?”

“दुपारी.”

“आन् मला आत्ता सांगताय? तिच्या वाटेकडं डोळे लागलेत माझे!” बद्रुन्निसाने ओढणी डोक्यावर घेतली आणि चपला पायात सरकवल्या. “दिसभर मोबाईल हातात. त्यात कामाची एक बातमी कळत न्हाई तुमाला!”

आणि भाजी चुलीवर तशीच ठेवून ती अजिनाथच्या घराकडे निघून गेली.