कोरडा दिवस

घरात आलेला पाहुणा आधी पंखा कुठाय ते बघतो. डॉक्टर वाघमारे आधी पाण्याचं पिंप बघतात. झाकण उचलायचं, मोबाईलचा उजेड आत पाडायचा, डासांच्या अळ्या शोधायच्या आणि मगच खुर्चीवर टेकायचं. वास्तुशांतीला त्यांचा आहेरही ठरलेला, पिशवीभर पाण्यात गप्पी मासे. "ब्लाउजपीसपेक्षा बरे. अळ्या तरी खातेत," म्हणतात.

जळकोटच्या दवाखान्यापासून सुरुवात करून डॉक्टर जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी झाले, निवृत्त झाले आणि लातुरात आमच्या गल्लीत राहायला आले. इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. घरोघरी पिंपं, म्हणजे डॉक्टरांची चंगळच. माझ्या बायकोला चहाच्या आधी प्रश्न ठरलेला, "वैनी, कोरडा दिवस पाळला का?" म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून पालथी घातली का.

या शब्दानं जळकोटकडच्या एका गावात घोळ केला होता. डॉक्टरांनी दवंडी दिली, उद्या कोरडा दिवस. देशी दारूच्या दुकानदारानं इमानेइतबारे कुलूप लावलं आणि सकाळीच दहा-बारा गिऱ्हाइकं दवाखान्यावर चालून आली. डॉक्टरांनी समजूत घालत बसण्याऐवजी त्यांच्याकडूनच गावातले सगळे रांजण उपसून घेतले. हे सांगताना ते अजूनही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

दिवाळीनंतर मुलानं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. पत्नी वारल्यापासून डॉक्टर एकटेच, त्यामुळे मुलाचंही चूक नव्हतं. बायकोनं धपाटे बांधून दिले. पिंपाची तपासणी टळली म्हणून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट घर भलतंच शांत झालं आणि मी विनाकारण चिडचिड करायला लागलो.

पंधराव्या दिवशी डॉक्टर बॅगेसकट आमच्या दारात उभे. सून काही बोलली का, मी हळूच विचारलं. सून लाखात एक आहे म्हणाले, नातू तर जीव की प्राण.

"मग?"

"तिथं चोवीस तास पाणी हाय, गुरुजी. कुणाच्याच घरात पिंप न्हाई." ते चपला काढत थांबले. "मग मी कुणाचं दार काय म्हणून वाजवू?"

मी त्यांच्या हातातली बॅग घेतली. इतकी वर्षं मी याला खोड समजत होतो.

तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "डॉक्टर, बरं झालं आलात. पंधरा दिवस झाले, आमचं तांब्याचं पिंप घासलंच न्हाई बघा."

कालच तिनं ते चिंच लावून लख्ख केलं होतं.