चार किलोचा अंगठा

"लॅरिसा, काटा दे गं. सुरमई खरंच दोन किलो आहे का बघू दे."

"थांब मावशी, डावा अंगठा राहिलाय."

दुबईच्या 'बर दुबई' भागात ॲनामावशीच्या स्वयंपाकघरात लॅरिसा काट्यावर अंगठा दाबून सुई चारवर धरून होती. वसईहून व्हिजिट व्हिसावर आलेली ही बीएस्सी मुलगी एका हॉटेलात शियात्सू शिकत होती. शियात्सू म्हणजे बोटांच्या दाबाने अंग मोकळं करण्याची जपानी विद्या. उद्या परीक्षा. पास झाली तर नोकरी, नाहीतर गुरुवारचं परतीचं विमान.

शिक्षिका ओगावाबाई इंग्रजीत सारखं एकच सांगत, "जोर लावू नकोस, वजन टाक." दाब त्वचेशी काटकोनात हवा. खांदे सैल. समोरच्याचा श्वास सुटताना भार हळूच द्यायचा, तितक्याच हळू काढायचा. एक हात फिरता, दुसरा नुसता टेकलेला, माणसाला एकटं वाटू नये म्हणून. लॅरिसा यावर लुब्ध होती. न्यूटनचे नियम कुणीतरी मायेने पाळतंय, असं तिला वाटे. फक्त वजन किती, तो आकडा बाई सांगेनात. म्हणून तिनेच चार किलो ठरवले आणि दिवसभर अंगठ्यांकडून पाठ करून घेतले.

संध्याकाळी अंगठे टम्म सुजले.

"ही गोळी आत्ता एक घे, सकाळी एक," मावशी म्हणाली. "तुझ्या हर्बर्टकाकाची कंबर एकदम बरी झाली हिने, खलास!"

गोळी गुणकारी होती. ती घेऊन काका दिवसभर झोपत. पण ते एरवीही झोपत असल्याने मावशीला संशय आला नव्हता.

परीक्षेला मॅटवर पालथी झोपली होती हाउसकीपिंगची सुपरवायझर शहरबानू, मुरुडची.

"बेटा, सांभाळून हां. मागच्या पोरीने माझी चटणी केली."

लॅरिसाने अंगठे टेकवले. "आई गं!"

"अगं, ओरडायचं मी ना?"

अंगठे बाद झाले. तिने तळवे टेकवले. तळव्यांचे किलो ठरवायचे राहूनच गेले होते. त्यात सकाळच्या गोळीची डोळ्यांवर झापड. खांदे आपोआप सैल पडले. शहरबानूचा श्वास सुटला की भार जाई, भरला की परत येई. जाई, येई, जाई...

"वेळ संपला," ओगावाबाई म्हणाल्या.

लॅरिसाने डोळे उघडले. तिचा गाल शहरबानूच्या पाठीवर होता. तिला समोर गुरुवारचं विमान दिसलं.

शहरबानू डोळे चोळत उठली. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "या अल्ला! किती वर्षांनी मागचं दिसलं! काय केलंस गं?"

"झोपले," लॅरिसा म्हणाली. खोटं सुचण्याइतकीही ती जागी नव्हती.

"आज पहिल्यांदा तुझ्या हातात जोर नव्हता," ओगावाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर सही केली.

लॅरिसाने कागद घेतला. पास! खाली बारीक अक्षरात शेरा होता : 'हेच जागेपणी करण्याचा प्रयत्न करावा.'